फातिमा म्हणजे दूध तोडणारी

मराठीच्या तासाला ‘माझे नाव’ हा निबंध दिला होता. एका फातिमानं दोनच ओळी लिहिल्या : माझे नाव पैगंबरांच्या मुलीचे आहे. त्याचा अर्थ मला आवडत नाही.

मोबाईलवर तिला ‘दूध तोडणारी’ असा अर्थ सापडला होता. वर्गातल्या इनाया, अलिना हसल्या. आजकाल नाव ठेवताना चंद्र, फूल, नूर असलं काहीतरी चमकदार हवं असतं. फातिमा म्हणजे आजीचं नाव!

पण अर्थ बरोबर आहे. अरबीत ‘फिताम’ म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं, आपल्या घरांत ज्याला दूध छुडाना म्हणतात. ते काम करणारी ती फातिमा. कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षं सांगितली आहे. ज्या काळात कितीतरी बाळं पाळण्यातच जायची, त्या काळात मुलीला हे नाव देणं म्हणजे काय, याचा विचार करा. ती जगेल, मोठी होईल, आई होईल आणि तिचं बाळही दूध तोडण्याच्या वयापर्यंत पोहोचेल. एका शब्दात दोन पिढ्यांची दुआ! मला तरी हा अर्थ चंद्राफुलांपेक्षा वजनदार वाटतो. हजरत फातिमा (रजि.) यांचं ‘जहरा’, म्हणजे तेजस्वी, हे बिरुद सगळ्यांना आवडतं, मूळ नावाचा अर्थ मात्र फारसा कुणी सांगत नाही.

मुलींना मी सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र सांगितलं. आजारपणात नायगावला माहेरी असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं. त्यात फातिमाला आपल्यामागे त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख आहे. आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयातली पहिली महिला न्यायाधीश झाल्या, त्या केरळच्या फातिमा बीवी. आता हसणं थांबलं होतं.

अजून एक गंमत. गोव्यात ख्रिस्ती बायकांचंही नाव फातिमा असतं. पोर्तुगालात फातिमा नावाचं गाव आहे. तिथे १९१७ मध्ये तीन मुलांनी मरियम मातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं आणि त्या गावावरून हे नाव कॅथलिक घरांत गेलं. गावाचं नाव मुळात अरबीच, तिथल्या मुस्लिम राजवटीची आठवण. त्यामुळे गोव्यात फातिमा भेटली तर आडनाव विचारल्याशिवाय धर्म कळत नाही. नावावरून माणूस ओळखणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. होऊ दे.