दाजीपूर : परतीचे दोन दिवस

कोल्हापूरहून सुमारे ८० किलोमीटरवर, राधानगरीच्या जलाशयापलीकडे दाजीपूरचे अरण्य पसरले आहे. १९५८ साली गव्यांसाठी राखलेल्या या रानात अस्वलाचाही वावर आहे. त्याची दृष्टी अधू, घ्राणेंद्रिय मात्र तीक्ष्ण. वारूळ उकरण्यात ते गुंग असताना माणूस अकस्मात समोर आला, तर ते भिऊन चाल करते.

साठीनंतरही पाठपिशवी घेऊन एकट्याने रानवाटा तुडवण्याची आस आपणांस असेल, तर एक गोष्ट ध्यानी असू द्या. पहिल्या दिवशी सावधपणा असतोच. कसोटी लागते ती अखेरच्या दोन दिवसांत. गुडघे शिणलेले असतात, पाणी पिणे कमी झालेले असते, औषधाची वेळ टळते आणि वाट ओळखीची वाटू लागते.

म्हणून त्या दिवसांतली चाल निम्मी करावी. चांगले उजाडल्यावर निघावे, ऊन कलण्यापूर्वी गावात मुक्कामी पोचावे. वळणावर मोठ्याने बोलावे, काठी आपटावी. ताजे उकरलेले वारूळ, करवंदीची दाट जाळी टाळावी. अस्वल दिसल्यास धावू नये. सावकाश मागे सरावे. वनखात्याची परवानगी व स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा; दहा पावले पुढे चालणाऱ्या वाटाड्याने एकांत भंगत नाही.

आणि घरच्यांनो, वयाचे कारण सांगून वाट अडवू नका. दोन दिवसांची जादा औषधे बांधून द्या. दरीत मोबाइलला रेंज सर्वत्र मिळत नाही. तेव्हा परतीची वेळ, आणि ती टळल्यास कोणाला कळवायचे, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवा.