चौथी सळई

पुठ्ठा, कात्री आणि डिंक समोर आला, की मुलांचे हात शिवशिवू लागतात. आधी करायचे, मग पाहायचे! विज्ञान प्रदर्शनासाठी ‘ईगल’ यानाची प्रतिकृती करायचे ठरले, तेव्हा मी पहिले दोन आठवडे कात्री कपाटातच ठेवली. उर्दूत आपण ज्याला तहकीक म्हणतो, ती आधी करू, असे मी आठवीच्या मुलांना सांगितले.

20 जुलै 1969 रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन याच यानातून चंद्रावर उतरले. यान सुमारे 7 मीटर उंच होते. खऱ्या यानातील 24 सेंटिमीटर म्हणजे आमचा 1 सेंटिमीटर, असे प्रमाण आम्ही घेतले. त्यामुळे आमच्या यानाची उंची सुमारे 29 सेंटिमीटर झाली.

पण ज्याची नक्कल करायची, ते अस्सल यान पृथ्वीवर नाहीच! त्याचा खालचा भाग चंद्रावर उभा राहिला. वरच्या भागातून दोघे अंतराळवीर निघाले आणि पुढे तोही चंद्राभोवतीच्या कक्षेत सोडून देण्यात आला. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात असेच एक यान आहे. परंतु ते जमिनीवरील चाचण्यांसाठी वापरलेले. ते अंतराळात कधी गेले नाही. ईगलसारखे दिसावे म्हणून नंतर त्यात बदल केलेले आहेत. मग भरवसा कशावर ठेवायचा? अंतराळवीरांनी चंद्रावर काढलेल्या छायाचित्रांवर. नासाने ती सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

आवरणासाठी मुलांनी चॉकलेटचे सोनेरी कागद जमवले. एक मुलगा ते चमच्याने घासून गुळगुळीत करत बसला. छायाचित्रात मात्र आवरण चुरगळलेले दिसत होते. ते सोन्याचे नव्हतेच. पिवळसर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला होता. असे अनेक थर एकावर एक होते. ते एकमेकांना कमीत कमी टेकावेत आणि उष्णता सहज आत-बाहेर जाऊ नये, म्हणून ते मुद्दाम चुरगळलेले होते. हे ऐकताच त्या मुलाने सगळे कागद मुठीत चुरगळले. एरवी तो इतका आज्ञाधारक नसतो!

खरा प्रश्न सळयांचा निघाला. यानाच्या पायांखाली सुमारे 170 सेंटिमीटर लांबीच्या सळया होत्या. सळई जमिनीला टेकली, की आत निळा दिवा लागे आणि इंजिन बंद करायची वेळ झाली, हे कळे. यान उतरले तेव्हा त्या वाकल्या. आमचे यान उतरलेले दाखवायचे होते, म्हणून आमच्या तारेच्या सळयाही वाकवल्या. पाय करणाऱ्या गटाने बाजारातील तक्ता पाहून चार पायांना चार सळया चिकटवल्या.

“सर, छायाचित्रांत तीनच दिसतात. शिडीच्या पायाला नाही,” एक मुलगी म्हणाली.

“मागे असेल, म्हणून दिसत नसेल,” गटातील मुले म्हणाली.

मला दोन्ही बाजू पटल्या. मुलीने शिडीच्या पायाची वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली छायाचित्रे काढली आणि वहीत नोंदी केल्या. कोठेही सळई नव्हती. मग आम्ही मोहिमेची माहिती वाचली. शिडीवरून उतरणारा अंतराळवीर वाकलेल्या सळईत अडकू नये, म्हणून त्या पायाची सळई उड्डाणापूर्वीच काढली होती.

प्रदर्शन तीन दिवसांवर आले होते. सळई ओढली, तर कागद फाटणार होता. “परीक्षकांना काय कळणार आहे?” कोणीतरी पुटपुटले. मी निर्णय मुलांवर सोडला. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ज्या मुलाने सळई चिकटवली होती, त्यानेच ब्लेड मागितले. कागद फाटलाच. पुन्हा चुरगळून, पुन्हा चिकटवून तो पाय तयार व्हायला संध्याकाळ झाली.

प्रदर्शनात परीक्षकांनी आमचे यान फिरवून फिरवून पाहिले. शिडीजवळ बोट ठेवून ते म्हणाले, “इथली सळई पडली वाटते?”

मुलीने वही उघडली.