पणजोबांची डुप्लिकेट पत्रं

"मामा, तुमच्याकडेही होतंच की!" भाच्याचं हे वाक्य आठवलं की अजून संताप होतो.

आजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. 1904 सालची ती फॅक्टरी. तिथल्या नोकरीने आमचं घर नर्मदाकाठचं झालं. त्यांच्या मोडी पत्रांना वाळवी लागली, म्हणून राइट टाउनमधल्या दुकानात ती स्कॅन करवली आणि पुण्याला भाच्याकडे पाठवली. घरात मोडी वाचता येतं ते त्यालाच. त्याने ती गूगल ड्राइव्हवर चढवून सगळ्यांना शेअर केली. जबलपूर, नागपूर, इंदूर, जो तो आपल्या ड्राइव्हमध्ये शॉर्टकट ठेवून निश्चिंत.

मग त्याचे फुकटचे 15 जीबी भरले. मेल, फोटो, ड्राइव्ह, सगळं त्यातच. भरलं की मेल येणंही थांबतं. साहेब डुप्लिकेट काढायला बसले. पत्रांच्या दोन खेपा स्कॅन झाल्या होत्या आणि स्कॅनरने दोन्हींना तीच नावं दिली होती. ड्राइव्हला एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली चालतात. याने नावं पाहिली आणि प्रत्येक जोडीतली एक उडवली. अरे, उघडून तरी बघायची! एकीत चार ओळींचं कार्ड, दुसरीत चार पानी पत्र. आकार तरी बघायचा! मोडी येणाऱ्या माणसाने पणजोबांची पत्रं न वाचता काढावीत? आणि लग्नाचे व्हिडिओ तसेच! वर कचरापेटीही रिकामी केली. नाहीतर 30 दिवस तरी तिथे मिळाली असती.

आमच्याकडे काय होतं? शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. तो जागा खात नाही, कारण आत काही नसतंच. घर मालकाचं; त्याने पाडलं की पत्ता घेऊन फिरा.

थोडी पत्रं वाचली ती इंदूरच्या वहिनींमुळे. आवडलेल्या पत्रांची त्यांनी 'मेक अ कॉपी' करून ठेवली होती. तेव्हा भाचा त्यांना पसारा वाढवता म्हणाला होता. माझं तर मत झालंय, घरचे कागद किमान दोघांच्या मालकीचे असावेत. अर्थात सगळेच कॉप्या करत सुटले तर कुठली खरी, यावरून पुन्हा भांडणं. तो पसारा मलाही सहन होत नाही.

आता वहिनींनी भाच्याला 'व्ह्यूअर' केलंय. नुसतं बघ म्हणे. पण फाइलींना नीट नावं द्यायची तर एडिटर व्हावं लागतं, आणि मोडी वाचणार कोण? एडिटरला दुसऱ्याच्या मालकीची फाइल कायमची पुसता येत नाही, हे मीच त्यांना समजावतोय. त्याची वकिली माझ्याच गळ्यात! वहिनी म्हणतात, दिवाळीनंतर बघू.