न सांगता टांगलेलं चित्र

मिरजेहून तार आली तेव्हा आप्पांना जाऊन तीन दिवस झाले होते. डिसेंबर १९७४. मी इंग्लंडमध्ये वेकफील्डला नर्स होते. रजा मिळेना, विमानाच्या तिकिटाइतके पैसेही नव्हते. घरमालकीणबाई त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. रात्रपाळी करून आले, तर त्यांच्या बैठकीतलं चित्र माझ्या पलंगासमोर टांगलेलं.

बार्बरा हेपवर्थ या शिल्पकर्तीचा तो लिथोग्राफ. हेपवर्थ वेकफील्डचीच लेक, म्हणून बाईंना तिचं फार अप्रूप. एक मोठं वर्तुळ, त्यात फिकट निळं दुसरं आणि दोन्ही छेदून जाणाऱ्या बारीक, ताठ रेघा. खाली पेन्सिलीची सही. तोवर येता-जाता ते कितीदा बघितलं होतं, पण मनात कधी शिरलं नव्हतं. त्या पहाटे पडल्या पडल्या बघत राहिले आणि मला भोपळा दिसला. तारा दिसल्या.

आप्पा तंबोरे करायचे. जवारी लावताना तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवायचे, कान घोडीशी, डोळे मिटलेले. बद्द वाजणारी तार एका क्षणी उमलायची. तो क्षण आला की आप्पा श्वास सोडायचे. वेकफील्डच्या त्या गार खोलीत मला तो श्वास ऐकू आला आणि तेव्हा कुठे रडू फुटलं.

मे १९७५ मध्ये सेंट आइव्हजच्या आपल्या स्टुडिओत लागलेल्या आगीत हेपवर्थ गेली. वर्तमानपत्र हातात धरून बाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मग पहिल्यांदाच सांगू लागल्या. हेपवर्थचा थोरला मुलगा १९५३ मध्ये विमान अपघातात गेला. पुढच्या वर्षी ती ग्रीसला गेली, आणि त्या प्रवासाच्या आठवणींतून पुढे १९७१ च्या सुमारास तिने नऊ लिथोग्राफ केले. हे त्यांतलंच एक. "माझाही गेला, युद्धात," एवढंच म्हणाल्या. ते चित्र त्यांनी कोणासाठी घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे लंडनच्या टेट गॅलरीत हेपवर्थचं १९४६ चं 'पेलागोस' पाहिलं. एल्मचं लाकूड आतून कोरून पोकळ केलेलं आणि त्यात तारा ओवलेल्या. आप्पांनी त्यावरून हात फिरवला असता.

परत निघताना बाईंनी चित्र घोंगडीत गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवलं. भाडं मी दर आठवड्याला चुकतं केलं होतं. याचं काय द्यायचं, ते मला सुचलं नाही, अजून सुचत नाही. चित्र आता मिरजेत आप्पांच्या कारखान्यात आहे, त्यांची कानस टांगलेली असायची त्याच खिळ्यावर.