विरळ हवेतला गोळा

"ताई, पुस्तकात गोळ्याचं वजन दिलंय का?" हवालदारकाकांनी विचारलं. दिलं होतं. बोफोर्सचा 155 मिलिमीटरचा गोळा, सुमारे 43 किलो. काकांनी पडवीतल्या ज्वारीच्या पोत्याकडे बोट केलं. "ह्याच्याहून थोडा हलका. उचला बघू." पोतं जागचं हललंसुद्धा नाही. "आता वर द्रासची हवा धरा. छाती भात्यावानी व्हायची."

कारगिलला तोफेवर असलेल्या काकांच्या सातारा जिल्ह्यातल्या त्या अंगणात मी पोचले, तेव्हा कारगिलमधल्या तोफखान्यावरचा माझा प्रबंध निम्मा लिहून झाला होता. पुण्यात संरक्षणशास्त्रात एम.ए. केलं तेव्हापासून युद्धविचारवंत क्लाउझेविट्झ वाचत होते. कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवालही पाठ होत आला होता. घुसखोरी आधी का कळली नाही, हा त्यातला मुख्य प्रश्न. तो महत्त्वाचाच आहे. पण उतारावर माणसं कशी लढली, ते मला अशा अंगणांतच कळलं.

काकांनी फरशीवर खडूने डोंगर काढला. हवा विरळ, म्हणून गोळा मैदानापेक्षा लांब जातो. उलट दारूगोळा गारठला की जोर कमी पडतो. खालच्या सवयीने आकडे लावून चालत नाही. ओपीवरून, म्हणजे निरीक्षण चौकीवरून, दुरुस्ती यायची, ती लावायची, पुन्हा फायर. "वर आपलीच पोरं चढत असायची," एवढं बोलून ते बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. मीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात द्रासला गेले. तोलोलिंगवरून श्रीनगर-लेह रस्ता उघडा पडतो, म्हणून ते शिखर आधी घेणं भाग होतं. 13 जून 1999 ला 2 राजपुताना रायफल्सने ते घेतलं. त्याआधी तीन आठवडे 18 ग्रेनेडियर्स त्याच उतारावर झुंजत होते. आडोशाला एक झाड नाही. मी दोनशे पावलं चढले आणि धापा टाकत खाली बसले. 'चढाई यशस्वी झाली' हे माझ्याच प्रकरणातलं वाक्य त्या रात्री खोडलं आणि त्या जागी अकरा पानं लिहिली.

प्रबंधाची प्रत घेऊन साताऱ्याला गेले, तेव्हा काकांनी आधी नकाशाचं पान उघडलं. "आमची गन कुठाय?" नकाशात ती नव्हती. मी पेन्सिल पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, रस्त्याच्या वळणापाशी एक बारीक फुली मारली आणि पान फुंकून साफ केलं.