पाण्याची मोटार ‘आपोआप’ चालते, तेव्हा…

सोलापुरात संसार करायचा म्हणजे पोळ्यांच्या आधी पाण्याचा हिशेब शिकावा लागतो. या गावाला एके काळी मोठा आधार होता तो १८७१ साली बांधून झालेल्या हिप्परग्याच्या एकरूख तलावाचा. पुढं १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं आणि नंतर तिथलं पाणी नळांतून शंभरएक किलोमीटरचा प्रवास करून शहरात येऊ लागलं. तरी रोज नळ येणं काही बहुतेकांच्या नशिबी आलं नाही. कधी तीन दिवसांआड, तर कधी पाच दिवसांआड! म्हणून घरोघर अंगणात हौद, गच्चीवर टाकी आणि मध्ये अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार.

आता या मोटारीला स्वतःहून चालू-बंद करणारी पेटी आली आहे. मोठ्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावावर जी यंत्रणा असते, तिचीच ही धाकटी बहीण म्हणा ना! पेटी बसवली की घरातले सारे म्हणतात, “चला, सुटलो एकदाचे!” पण सुटत कुणीच नाही. पेटी बिघडली की पुरुषमंडळी कामावर आणि पाणी गच्चीवरून गल्लीत. म्हणून म्हणते, तिचं अंतरंग आपणच समजून घ्यावं. स्वेटरच्या टाक्यापेक्षा ते मुळीच अवघड नाही.

टाकीत स्टीलच्या तीन सळया सोडलेल्या असतात. एक तळापर्यंत, एक मधली आणि एक अगदी वर. त्यांच्यात अगदी कमी दाबाची वीज असते. पाणी वरच्या सळईला टेकलं की पाण्यातून ती वीज वाहू लागते. पेटीला कळतं, ‘टाकी भरली’, आणि ती मोटार बंद करते. पाणी मधल्या सळईच्याही खाली गेलं की मोटार पुन्हा सुरू. हौदातही अशाच सळया असतात. हौद आटला तर मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून. थोडक्यात, सळया हे पेटीचे डोळे.

आता तक्रारी पाहू.

टाकी भरून वाहते, तरी मोटार थांबत नाही? बहुतेक वेळा डोळ्यांवर सारा आलेला असतो! बोअरचं पाणी जड असेल तर सळयांवर पांढरे क्षार बसतात, वीज वाहत नाही आणि पेटीला टाकी रिकामीच वाटते. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करावा. मग सळया काढून लिंबाच्या फोडीनं किंवा व्हिनेगरनं घासाव्यात आणि स्वच्छ धुवाव्यात. दर दोन-तीन महिन्यांनी हे करावंच. तरीही गुण आला नाही तर वायर तुटलेली असण्याचा संभव. गच्चीवरच्या उन्हानं वायरचं वेष्टण तडकतं, खारीही कुरतडतात.

टाकी कोरडी, पण मोटार सुरूच होत नाही? आधी हौदाचं झाकण उघडून पाहा. हौदातच पाणी नसेल तर पेटी तिचं काम चोख करते आहे! हौद भरलेला असेल तर त्यातल्या सळया घासा. त्यानंतर पाहायचा तो टाकीजवळचा वायरचा जोड. त्यात पाणी शिरलं की दोन तारा एकमेकींना भेटतात आणि पेटी समजते, टाकी भरली.

मोटार नुसती गुं गुं करते, फिरत नाही? ताबडतोब बंद करा. एक तर व्होल्टेज कमी आहे, नाही तर कपॅसिटर गेला आहे, नाही तर मोटार अडकली आहे. तशीच चालू ठेवली तर आतली वाइंडिंग जळते आणि मोठा खर्च उभा राहतो.

आणि पेटीवरचा दिवा विझला तरी मोटार चालूच असेल, तर पेटीतल्या रिलेचे संपर्क चिकटले आहेत हे ओळखा. तिथं आपण हात घालायचा नाही. ते काम वायरमनचं.

वायरमनला मात्र आपल्या डोळ्यांदेखत एक गोष्ट करायला सांगा. वीज बंद करून सळयांच्या वायरी पेटीपाशी सोडवायच्या आणि त्यांच्या जागी एक छोटी तार जोडून पाहायची. मग पेटीनं ‘भरली’ दाखवलं तर पेटी ठणठणीत, दोष वायरीत किंवा सळयांत. म्हणजे चांगली पेटी बदलायचा खर्च वाचतो!

एवढं सारं मी का शिकले, तेही सांगते. आमच्याकडं पेटी बसवून महिना झाला असेल. धुण्याभांड्याच्या मावशी एकदा म्हणाल्या, “ताई, नळाला हात लावला की मुंग्या येतात बघा.” सासूबाई म्हणाल्या, “अगं, वाताचं असेल, तेल लाव.” मी मात्र मावशींना नळापासून दूर व्हायला सांगितलं, चप्पल घालून, कोरड्या हातानं मेन स्विच पाडला आणि ओळखीच्या वायरमनला बोलावलं. आमच्या गावात यंत्रमागाच्या मोटारींवर हात बसलेली कसबी माणसं पुष्कळ, त्यांतलाच हा एक. त्यानं पाहिलं, तर पेटी बसवणाऱ्यानं मोटारीला दोनच तारांची वायर जोडली होती. अर्थिंगची तिसरी तार नव्हतीच! हौदाच्या काठावरचा जोड ओला होऊन वीज मोटारीच्या अंगात उतरली होती आणि लोखंडी नळानं मोरीपर्यंत पोचली होती. शिवाय मोटारीची आणि सळयांची वायर एकाच नळीतून नेलेली. वेष्टण वितळलं असतं तर २३० व्होल्ट थेट टाकीच्या पाण्यात!

तुम्ही म्हणाल, एमसीबी होता ना? होता. पण तो १६ अँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव जायला याच्या शेकडोव्या हिश्शाएवढी वीज पुरते. जीव वाचवतो तो आरसीसीबी. गिरणीत दळणाचे गहू वजन करून दिले आणि पीठही वजन करून घेतलं, तसा तो जाणारी आणि परतणारी वीज मोजतो. ३० मिलिअँपिअरचाही फरक पडला की क्षणार्धात बंद!

तेव्हा चार गोष्टी पक्क्या करा. मोटारीला तीन तारांचीच वायर हवी. सळयांची वायर वेगळ्या नळीतून जावी. आरसीसीबी बसवून त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावं. आमच्या कडक उन्हात माती सुकली की अर्थिंग नावालाच उरतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. घरात पाण्याला सर्वांत जास्त हात लागतो तो कुणाचा, याचा विचार करा. बहुतेक घरी तो मावशींचा असतो, नाही तर आपला. “मुंग्या येतात” असं कुणीही म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. आधी मेन बंद करा, तेलाची बाटली मागाहून शोधा!