आधी झाडू, मग कीर्तन

भाषण कसं लिहावं, असं कुणी विचारलं की मी गाडगेबाबांचं नाव घेतो. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरीही. डिसेंबर 1956 मध्ये ते गेले. त्याआधी काही आठवडे मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यात उपदेश शोधू लागलो की हाती प्रश्नच लागतात. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. जे पटवायचं, ते सभाच स्वतःच्या तोंडानं बोलून मोकळी होते.

आणि शब्द तरी कुठले? ‘शिक्षणाचे अनन्यसाधारण महत्त्व’ बाबांकडे नाही. ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा सांगावा. ज्या बाईच्या घरात मोजून दोन ताटं असतील, तिला त्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही.

ते कीर्तन ऐकलं तेव्हापासून माझ्या भाषणाच्या कागदावर पेन्सिलीच्या खुणा वाढल्या. मी मसुदा गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं वाचतो. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडतो. ‘बहुआयामी’, ‘सर्वांगीण’ असे शब्द दिसले की गोल करून काढून टाकतो. थांबायच्या जागी उभी रेघ मारतो. ही रेघ पाळणं फार कठीण. सभेतली शांतता अंगावर येते आणि जीभ पुढे धावते. पण ऐकणाऱ्याला विचार करायला तेवढीच जागा मिळते, ती द्यायलाच हवी. आवाज, हातवारे, माईक हे सरावानं येतं.

मात्र बाबांचं खरं बळ कागदावर उतरवता येत नाही. गावात शिरले की ते आधी झाडू हातात घेत. रात्री कीर्तनाला बसलेल्या माणसांनी त्यांना गावची घाण उपसताना पाहिलेलं असे. स्वच्छतेवर बोलायचा हक्क त्यांनी असा मिळवलेला होता.

म्हणून शाळेत, ग्रामसभेत, कुणाच्या निरोप समारंभात बोलायचं असेल, तर तासभर आधी जा. सतरंज्या अंथरणाऱ्यांना हात द्या. सगळ्यात मागे जो बसेल त्याच्याशी चार शब्द बोला, आणि भाषणाचं पहिलं वाक्य त्याला ऐकू जाईल, कळेल असं म्हणा.